यांत्रिक वस्तादाचा डाळिंबी फेटा

गणपतीच्या देखाव्यासमोर उभं राहून लोक दोनच प्रश्न विचारतात. एक, ‘कुठल्या मंडळाचा?’ आणि दुसरा, ‘केवढ्याला पडला?’ ‘कुणी केला?’ हा तिसरा प्रश्न ऐकायला मी इतकी वर्षं पडद्यामागं कान देऊन बसलेय. अजून तो कानावर आलेला नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्याबद्दल लिहा’ म्हटल्यावर मी आधी विचारलं, लेखावर नाव माझंच घालणार ना? ते हसले. मी हसले नाही. पक्कं वचन घेतलं आणि मगच लिहायला बसले.

आमचा कारखाना उद्यमनगरात आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. तिच्यात वर्षभर कुणाचा तरी हात, कुणाचं तरी मुंडकं आणि हत्तीचे सुटे कान लोंबत असतात. दारावरची पाटी आमच्या ह्यांच्या नावाची. हे पूर्वी शहरातल्या बसवर कंडक्टर होते. मोटरचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे त्यांना आजही सांगता येत नाही, आणि ते तसं मोकळेपणानं सांगतातही. पण पाटी रंगवणारा आला तेव्हा मी आत वेल्डिंग करत होते. त्यानं विचारलं नाही, रंगवून टाकलं. तेव्हापासून मंडळांचे अध्यक्ष येतात, ह्यांचा हात दाबून धरतात, “काय हत्ती केलाय वो मालक, सोंड खरीखुरी हलती की!” म्हणतात आणि माझ्याकडं वळून, “वहिनी, च्या टाका जरा.” मग हे उठून चहा टाकायला जातात आणि मी दर सांगायला बसते. पाहुण्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

मी मुरगूडची. वडिलांचं शेतीपंपाच्या मोटरी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी तार गुंडाळायची. हे मी शाळेच्या वयात शिकले, आणि गिऱ्हाइकाशी भाव कसा धरून बसायचा हेही तिथंच.

देखाव्याचा धंदा समजायला अवघड नाही. पुढून देव दिसतो, मागून गॅरेज. मोटरीला एकच गोष्ट येते, गोल फिरणं. आम्ही त्या फिरण्याचं वर-खाली करतो, मागं-पुढं करतो, मान डोलावणं करतो. चाकाला कडेला एक दांडी जोडली, की दांडीचं दुसरं टोक वर-खाली होतं. तेवढ्यावर राक्षस तलवार उगारतो आणि सीताही रडते. बहुतेक कामाला भंगारातली, ट्रकच्या काचा पुसणाऱ्या वायपरची मोटर पुरते.

दुसरी गोष्ट आवाज. निवेदन, संवाद, ढगांचा गडगडाट हे सगळं आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेलं असतं. ते सुरू झालं की आपल्या चालीनं चालत राहतं. मागं फळीवर बटणं घेऊन एक माणूस बसतो आणि वाक्यं ऐकून बरोबर वेळेला बरोबर बटण दाबतो. आमच्याकडं तो माणूस मी. आवाजाला यंत्र दिसत नाही, यंत्राला आवाज ऐकू येत नाही. दोघांच्या मध्ये माझं बोट असतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मला लोक भांडखोर म्हणतात. असेन. गडहिंग्लजच्या एका मंडळाचे खजिनदार, म्हेत्रे नावाचे, एकदा आदल्या वर्षीचा हत्ती टेम्पोत घालून घेऊन आले. म्हणाले, “ह्येचा डायनासोर करून द्या. सोंड तेवडी कापली की झालं, दर निम्मा लावा.”

मी म्हटलं, “सोंड कापून डायनासोर होत असला, तर तुमची मिशी कापून तुमाला नट करून देतो पावणं. त्यालाबी निम्माच दर लावतो.”

ते रागानं हत्ती घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात हत्ती आणि पूर्ण दर दोन्ही घेऊन आले. माझं असं आहे. तोंड वाईट, पण माझ्या देखाव्यातला हात उगारला की खाली येतो. गेल्या गणपतीपर्यंत मी हे छातीवर हात ठेवून सांगत होते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या एका मंडळाचा अध्यक्ष विश्वास शेडवर आला. त्याचं टायरचं दुकान आहे, आणि तो माझ्याकडं वर्षानुवर्षं येतोय. बरोबर सायली नावाची मुलगी होती. ती तिथल्याच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते आणि मंडळाचे संवाद लिहिते.

“वहिनी, औंदा पौराणिक न्हाय,” विश्वास म्हणाला. “औंदा जपानी.”

“जपानी म्हंजे?”

सायलीनं मोबाइल पुढं धरला. जपानी कार्टून होतं. इमारतीएवढा यंत्रमाणूस, त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारी पोरं, समोर आकाशातून उतरलेलं काहीतरी अवाढव्य. यंत्रमाणसानं मूठ उगारली आणि तो काहीतरी लांबलचक ओरडला. मग मूठ हाणली. अर्धं शहर उडालं.

“येवडं वरडतोय कशाला? मारायचं तर गप मारावं की.”

“नियमच आहे तो, काकी,” सायली म्हणाली. “घाव घालायच्या आधी घावाचं नाव ओरडायचं. नाव घेतल्याशिवाय घाव बसत नाही.”

नाव घेतल्याशिवाय काम होत नाही, हा नियम मला फार पटला. जपानी माणसं शहाणी असली पाहिजेत.

मग तिनं आपली गोष्ट वाचून दाखवली. शंभर वर्षांनंतरचं कोल्हापूर. आकाशातून खड्डासुर येतो. घाईनं बुजवलेल्या प्रत्येक खड्ड्यागणिक तो हातभर वाढतो. त्याच्याशी लढायला रंकाळ्याच्या तळातून यांत्रिक वस्ताद उठतो, दोन मजली, छातीतल्या काचेच्या खोलीत तीन चालक. वस्ताद मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो, मूठ उगारतो, आणि तेवढ्यात भोंगा वाजतो. ‘थांबा! मी हालचाल परवाना खात्यातून बोलतोय. मूठ खाली आणण्याचा परवाना दाखवा.’ परवाना निघतो, तर तो डाव्या मुठीचा. उगारलेली असते उजवी. मग अर्ज, मग छायाप्रत, मग साहेब जेवायला गेलेत. वस्ताद मूठ उगारून तसाच उभा. खड्डासुर एक गल्ली खातो, दुसरी खातो, जांभई देतो आणि अखेर विचारतो, ‘मग मी उद्या येऊ का?’

मी एवढी हसले की डोळ्यांवरचा वेल्डिंगचा चष्मा घसरून नाकाखाली आला. शेवटी परवाना येतो, वस्ताद घावाचं नाव ओरडतो आणि खड्डासुराचा चेंदामेंदा होतो.

“नाव काय घावाचं?” मी विचारलं.

सायलीनं विश्वासकडं पाहिलं. विश्वासनं छताकडं पाहिलं. “आबासाहेब प्रहार,” तो म्हणाला.

आबासाहेब म्हणजे प्लॉट पाडून विकणारे एक गृहस्थ. मांडवाचा खर्च त्यांचा, आणि पुढं निवडणुकीला उभं राहायचा विचारही त्यांचाच. म्हणजे माझा वस्ताद चौकात उभा राहून रोज संध्याकाळभर आबासाहेबांचं नाव ओरडणार.

मग आम्ही भाव करायला बसलो. दराचं सांगत नाही, मला पाहिजे होता तो मिळाला. विश्वास खुशीत उठायला लागला तेव्हा मी म्हटलं, “बस. दोन अटी ऱ्हायल्यात. उद्घाटनाला माईकवर माझं नाव घ्यायचं. आणि मला फेटा बांधायचा.”

आमच्याकडं उद्घाटनाला फेट्याशिवाय पान हलत नाही. पाहुण्यांना फेटा, देणगीदारांना फेटा, मांडववाल्याला, साउंडवाल्याला फेटा. मागं कारखान्यात वर्षभर घाम गाळणाऱ्याला मात्र पेढा.

“तुमाला फेटा?” विश्वास हसला.

“का? मला डोकं न्हाय?”

“तसं न्हवं वो…”

“डाळिंबी रंगाचा आणायचा. तुमचे सगळे केशरी असत्यात. त्यात माझा कंचा, त्ये कळत न्हाय.”

“बरं बाई, डाळिंबी,” तो म्हणाला आणि हातावर हात मारून गेला.

वस्ताद माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम. उजवा हात म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर फायबर, मोठं वजन. ते तोलायला पाठीमागं फाउंड्रीतल्या भंगाराची पोती टांगली, म्हणजे मोटरीला हात जड वाटत नाही. खांद्यात सायकलसारखी, पण जाड चेन बसवली. शड्डू ठोकताना मांडीचा आवाज खरा यावा म्हणून आत पत्र्याचा डबा घातला. मांडवात उभा केल्यावर मी सगळ्यांना बजावून सांगितलं, उद्घाटनापर्यंत ह्याला कुणी हात लावायचा नाही. हात लावू नका म्हटल्यावर लोक हात लावत नाहीत. बाकीचं सगळं करतात.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी पडद्यामागं फळीवर बटणांपुढं बसले. नवी साडी नेसले नव्हते, पण केस नीट बांधले होते, फेट्यासाठी. तिथून मला वस्तादाच्या टाचा तेवढ्या दिसतात. बाकी सगळं कानानं.

पुढं माईकवर विश्वास. “आबासाहेबांचा फेटा बांधून सत्कार!” टाळ्या. आबासाहेबांच्या भागीदाराचा सत्कार. मांडववाला. साउंडवाला. भागीदाराबरोबर न सांगता आलेले त्यांचे मेहुणे. मी ओढणी नीट केली. “आणि आता,” विश्वासचा आवाज चढला, “ज्यांची सगळी राजारामपुरी वाट बघती, आपल्या सगळ्यांचे लाडके…”

मी उठून उभी राहिले.

“…यांत्रिक वस्ताद! यांचा फेटा बांधून सत्कार!”

शिट्ट्या, टाळ्या, शिडी सरकल्याचा आवाज. फेटा बांधणारा वर चढला असावा, कारण बराच वेळ हशा चालू होता. मग विश्वास म्हणाला, “देखाव्याला सुरुवात करतोय.”

बस्स. नाव नाही, फेटा नाही. सुरुवातीचं बटण मी दाबलं नाही, ठोकलं.

देखावा मात्र रंगला. परवान्याच्या प्रत्येक वाक्याला चौक हसत होता. ‘मग मी उद्या येऊ का?’ला तर माझ्या फळीखालची जमीन हलली. मग परवाना आला, वस्तादानं डाव्या हातानं धाडकन शड्डू ठोकला, आणि ध्वनिमुद्रणातला भारदस्त आवाज गरजला, “आबासाहेबऽऽ प्रहार!”

मी बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पण हात आला नाही.

आवाजाला ते काय माहीत? तो पुढं गेला. धडाड्धूम! खड्डासुराची किंकाळी! “धन्य धन्य तो आबासाहेब प्रहार!” आणि चौकात वस्ताद मूठ उगारून तसाच उभा. समोर खड्डासुर धडधाकट, त्याच्या जिभेची मोटर वेगळी असल्यामुळं आबासाहेबांच्या दिशेनं जीभ हलवतोय, हे मला नंतर कळलं.

मग गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आबासाहेब, परवाना काढायचा इसरला काय वो?”

असा हशा मी कुठल्याच देखाव्याला ऐकला नव्हता. विश्वास धावत मागं आला, त्याच्या पाठोपाठ सायली आणि फेटा बांधणारा. “परत लावा, वहिनी, परत लावा!” मी म्हणत होते आधी बघू दे, पण त्यानं आवाज मागं घेऊन पुन्हा सुरू केलासुद्धा. पुन्हा “आबासाहेबऽऽ प्रहार!” पुन्हा काही नाही. आता गर्दीच बरोबर ओरडायला लागली.

तेवढ्यात पडदा बाजूला सारून आबासाहेब आत आले. फेट्याखाली चेहरा लालभडक. “माझं नाव काढा त्यातनं. आत्ताच्या आत्ता काढा!”

“वहिनी, काय केलासा वो हे!” विश्वास माझ्यावर ओरडला.

मी मुख्य बटण बंद केलं, ह्यांना शिडी धरायला सांगितली आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला गुंडाळून वर चढले. वस्तादाच्या खांद्यावर पोचले आणि कारण सापडलं. डोक्याला बांधलेल्या फेट्याचा शेमला पाठीवर लांब सोडला होता, ऐटीत. हात उगारला तेव्हा तो सगळा चेनमध्ये ओढला जाऊन गच्च बसला होता. मी वंगणाच्या बोटांनी कापड उलगडून बघितलं. डोक्याकडं केशरी, मग टाका घातलेला जोड, आणि त्यापुढं डाळिंबी.

“विश्वास,” मी वरून हाक मारली, “ह्यो डाळिंबी फेटा कुणाचा?”

फेटा बांधणारा खालून म्हणाला, “वस्तादाचं डोकं लई मोटं निघालं वो. कापड कमी पडलं. म्हटलं, वहिनी काय फेटा बांधून घेत बसनार न्हाईत, जोडूया.”

मला आयुष्यात पुष्कळ वेळा राग आलाय. या वेळी आला तो थंड होता. मी कमरेच्या ओढणीत खोचलेलं ब्लेड काढलं.

“कापा की वो लवकर!” विश्वास. “पब्लिक थांबलंय!”

“कापतो. आदी मला सांग, आता वस्ताद वरडनार काय?”

“कसलंबी नाव टाकूया. कोल्हापूर प्रहार. राजारामपुरी प्रहार.”

“कसलंबी न्हाय. माझं.”

“चालंल! वहिनी प्रहार!”

“वहिनी हे नाव न्हाय,” मी म्हटलं. “माझं नाव सांग, मग कापतो.”

इतकी वर्षं माझ्या शेडवर चहा पिणारा माणूस. त्यानं फेटेवाल्याकडं बघितलं. फेटेवाल्यानं सायलीकडं. सायलीनं घाईनं मोबाइल काढला आणि मान खाली घातली. नंतर तिनंच सांगितलं, तिच्या मोबाइलमध्ये मी ‘देखावा काकी’ आहे. शिडी धरून उभे असलेले हे सांगायला लागले, तेव्हा मी म्हटलं, “तुमी गप ऱ्हावा.”

पुढं गर्दी ठेक्यात टाळ्या वाजवत होती. आबासाहेब भागीदाराला घेऊन मागच्या वाटेनं निघाले होते.

“वहिनी,” विश्वास हळू आवाजात म्हणाला, “चुकलं. खरंच ठावं न्हाय. सांगा की.”

“इंदुमती,” मी म्हटलं. “आता जा आणि पुढं माईकवर सांग. कुणी केलाय त्ये.”

तो गेला. मी वस्तादाच्या खांद्यावर होते, म्हणजे पडद्याच्या पार वर. चौकातल्या गर्दीला मी दिसत होते आणि मला गर्दी. माझ्या देखाव्याला आलेली माणसं मी पुढून पहिल्यांदा बघत होते. विश्वासनं सांगितलं, हा देखावा केला त्या वर उभ्या असलेल्या इंदुमतीवहिनींनी. टाळ्या झाल्या. खूप झाल्या असं मी म्हणेन, माझा लेख आहे. मग मी माझाच फेटा माझ्याच हातानं कापला.

खाली उतरून हात चालवून बघितला. मऊ चालला. सायलीनं आवाज मागं नेला, आणि घावाच्या वाक्याशी ध्वनिमुद्रण बंद करून माईक माझ्या तोंडापुढं धरला. “ओरडा, काकी.”

माझं बोट बटणावर होतं. आवाज आणि यंत्र पहिल्यांदाच एका माणसाच्या हातात आलं होतं.

“इंदुमतीऽऽ प्रहार!”

मूठ अशी आली, की खड्डासुराचे तुकडे पुढच्या रांगेत गेले. एक भागीदाराच्या मेहुण्यांच्या फेट्यावर बसला म्हणतात. मी पाहिला नाही, पण ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सायलीनं ते माझ्याच आवाजात नीट मुद्रित केलं. विसर्जनापर्यंत राजारामपुरीच्या गल्ल्यांत पोरं एकमेकांना माझं नाव घेऊन बडवत होती. एका आईनं मंडळात तक्रारही केली. मी ह्यांना घेऊन मुद्दाम त्या बाजूनं भाजी आणायला जात होते. हे म्हणायचे, “आपल्या बाजूला भाजी मिळत नाही का?” मी म्हणायचे, “मिळते.”

आता तक्रार. ती राहिलीच. त्या देखाव्याला बक्षीस मिळालं. घ्यायला कोण गेलं? आबासाहेब. फेटा बांधून गेले, आणि तिथं भाषणात म्हणाले, की विनोद व्हावा म्हणून हात अडकवायची कल्पना मूळ त्यांचीच. विश्वासला माझ्यासमोर यायला महिना लागला. आला तेव्हा कागदात गुंडाळून फेटा घेऊन आला. मी उघडून बघितला. केशरी.

“डाळिंबी संपला होता, वहिनी.”

मी परत केला. चेनमधून कापून काढलेला डाळिंबी तुकडा ग्राइंडरच्या वर खिळ्याला लावलाय. वंगणानं काळा झालाय. तिथून तो कुणाच्याही डोक्यावर जाणार नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात शेडसमोर टेम्पो थांबला. गडहिंग्लजचे म्हेत्रे. या वेळी हत्ती नव्हता.

“मालक कुटं हायत?” त्यांनी विचारलं.

“च्या टाकाय गेल्यात. बोला.”

“आमास्नी त्यो राजारामपुरीतला आयटम पायजे. पोरांनी मोबाइलवर बगितलाय. त्यो इंदुमती प्रहार.”

मी हातातला पाना खाली ठेवला. “इंदुमती म्हंजे कोन, ठावं हाय तुमाला?”

“व्हय की,” म्हेत्रे ठसक्यात म्हणाले. “त्या जपानी कार्टूनमदली बाई न्हवं? लई खतरनाक हाय म्हनत्यात.”

आतून हे चहाचे कप घेऊन आले आणि माझ्या तोंडाकडं बघून दारातच थबकले.

“बसा पावणं,” मी म्हटलं. “च्या घ्या. जपानी हाय म्हंजे दर वाढला. आणि फेटा डाळिंबीच लागंल. वस्तादाला न्हाय, त्या जपानी बाईला.”